पेजेचं पाणी

वेलगट्ट्याच्या मिशनकडे जीप एकच होती आणि तिच्यामागे पाळकसाहेबांची इतकी कामं असत, की देवाच्या कामाला ती सहसा रविवारीच मोकळी सापडे. वैरागर पाळक मूळचे नगरकडचे. बोलणं स्वच्छ, सदरा त्याहून स्वच्छ. या जंगलात येऊन किती वर्षं झाली हे ते कधी सांगत नसत. बदलीला किती उरली तेवढं सांगत. माणूस वाईट नव्हता. तापानं फणफणलेल्यांच्या उशाशी बसून त्यांनी प्रार्थना केलेल्या होत्या, आणि त्यांतली काही माणसं उठलेलीही होती. फक्त शब्द देताना ऐकायला चार माणसं आहेत ना, एवढं ते बघून घेत. आणि पाळायची वेळ आली, की ती चार माणसं आता कुठे आहेत हे बघत.

तसाच शब्द त्यांनी थंडीत कोडेपल्लीच्या गरोदर सुकरीला दिला होता. प्रार्थना संपली होती, माणसं चपला शोधत होती, तेव्हा भर अंगणात ते म्हणाले, "साराबाई, वेळ आली की निरोप धाडा. जीप दारात उभी राहील. तुम्हाला दवाखान्यात पोचवणं ही मिशनची जबाबदारी."

सारा हे सुकरीचं बाप्तिस्म्याचं नाव. ते वापरणारे जगात एकटे पाळकसाहेब. कोडेपल्लीत तिला सगळे सुकरीच म्हणत. तिच्या सासूनं, बुधरीनं, ते नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच निकाल दिला होता, "सारा तं पटवारी वसूल करते. पोरीचं नाव कोनी सारा ठेवते का?"

बुधरीनंही लेकासोबत पाणी, म्हणजे बाप्तिस्मा, घेतलं होतं. त्यात श्रद्धा किती, आणि म्हातारपणी एकटीनं वेगळी चूल मांडायला नको हा विचार किती, याचा हिशेब तिनं कुणाला दाखवला नव्हता. ती मिशनच्या देवळात येई, पाय पसरून बसे, गाण्याला तोंड हलवी आणि 'तुमचा देव' असं म्हणे.

सुकरीचं मात्र उघड होतं. दोन वेळा तिला लेकरू झालं आणि दोन्ही वेळा ते आठवडाही न काढता गेलं. दुसऱ्या वेळेनंतर तिची छाती दुधानं ठणकत होती आणि पाजायला कुणी नव्हतं, तेव्हा मिशनच्या नर्सबाईनं ओल्या फडक्यानं ती शेकली आणि शेकताना काहीतरी पुटपुटली. ते काय होतं हे विचारत विचारत सुकरी देवळापर्यंत आली. ती देवाकडे लेकरू मागायला आली होती, दुसरं काही नाही. मी येतो, तू दे, असा तो सरळ व्यवहार. पुढं मातृसंघाच्या बैठकीत पाळकीणबाईंनी समजावलं, की आई होणं म्हणजे नुसतं मूल होणं नव्हे, आईपण ही देवाकडे जाणारी वाट आहे, आई रोज स्वतःला थोडं थोडं देऊन टाकते आणि तशी आत्म्यानं वाढते. बायका माना हलवत होत्या. सुकरीनं विचारलं, "जिची लेकरं गेली तिनं कोन्त्या वाटंनं जावं?" पाळकीणबाईंनी पुढचं गाणं सुरू केलं.

पण त्याच बैठकीत पाळकीणबाई एक कामाचं बोलून गेल्या होत्या. कुणीतरी विचारलं, लेकरू जायच्या टेकीला आलं अन् पाळक जवळ नसले तं? त्या म्हणाल्या होत्या, अशा अडचणीत कुणीही विश्वासणाऱ्यानं पाणी घ्यावं आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा द्यावा. सुकरीनं ते पदराला गाठ मारावी तसं जपून ठेवलं.

वेळ आली ती तेंदूच्या, विडीच्या पानांच्या मोसमात. गाव पहाटेच जंगलात जाई, दुपारी पानांची पुडकी बांधत बसे आणि संध्याकाळी ठेकेदार पानं मोजून घेई त्या फडावर रांगेत उभं राही. सुकरीचा नवरा लालसू फडावर पुडकी उन्हात उलथायच्या कामाला होता. सुकरीच्या कंबरेतून पहिली कळ गेली तशी बुधरी फडावर जाऊन लेकाला म्हणाली, "धाड तुह्या सायबाले निरोप. जीप दारात उभी राहते म्हणे."

पानं न्यायला आलेला ट्रक वेलगट्ट्यावरूनच जात होता. ड्रायव्हरनं निरोप नेला आणि परतीच्या फेरीत उत्तर आणलं. जीप चंद्रपूरला गेली होती. तिथं महिला मेळावा होता आणि पाळकीणबाईंचं भाषण होतं.

"कायचं भाषण?" बुधरीनं विचारलं.

ड्रायव्हरनं चौकीदाराकडून ऐकलं होतं ते जसंच्या तसं सांगितलं, "आईपनावर. जीप परवा येईन म्हणते."

"मंग पोटातल्याले सांगा, परवा ये म्हणा," बुधरी म्हणाली आणि सुइणीला बोलवायला गेली.

जुरी सुईण गावाबाहेरच्या टोल्यात राही. या भागातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. ती आली, अंगणाबाहेर थांबली आणि तिथूनच म्हणाली, "घरात मी पाय नाई ठेवत. कुर्म्यात चला."

कुर्मा म्हणजे गावाच्या कडेची ती वीतभर झोपडी. पाळीच्या दिवसांत बायका तिथं बसत, बाळंतपणंही तिथंच होत. आतल्या बाईनं विहिरीला, बोअरिंगला हात लावायचा नाही. घरच्यांनी पाणी आणि जेवण बाहेर ठेवून जायचं. सुकरीनं पाणी घेतलं त्या दिवसापासून कुर्म्यात पाऊल टाकलं नव्हतं. त्यावरून गावानं तिला बोल लावले, शिकार मिळेना झाली तेव्हा तिच्याकडे बोट दाखवलं. आणि पाळकसाहेबांनी तिचं उदाहरण तीन गावांत सांगितलं.

"इथीच कर ना, जुरीबाई," लालसू हात जोडून म्हणाला. "आमी जुन्या देवाचं सोडलं आता."

"तुमी सोडलं. मी नाई सोडलं. उद्या दुसऱ्या घरी मले कोन बोलावन? मले बी पोट आहे, भाऊ."

जुरीचं बरोबर होतं. लालसू सुकरीकडे बघू लागला. पाळकसाहेब काय म्हणतील, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं, कारण मिशनच्या चौकीदाराचं म्हातारपण जवळ आलं होतं आणि ती जागा लालसूला मिळेल असं पाळकसाहेब दोनदा बोलले होते. तेही चार माणसांसमोर.

सुकरी मेढीला धरून उभी होती. कळ ओसरली तशी म्हणाली, "जीप नाई. सुईण आहे. सुईण जिथी, मी तिथी." आणि चालू लागली.

लेकरू दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी झालं. कुर्म्याचं छप्पर इतकं खाली, की आत उभं राहता येत नव्हतं. बाहेर पळसाचं पानही हलत नव्हतं आणि आत कुडाच्या फटीतून उन्हाच्या धारदार रेघा सुकरीच्या पोटऱ्यांवर पडल्या होत्या. मुलगी होती. जुरीनं नाळ कापली, पोर उलटी धरली, पाठीवर चापट्या मारल्या, तोंडात बोट फिरवलं. पोर निळसर, मऊ, ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. दोनदा तिनं श्वास घेतल्यासारखं केलं आणि थांबली.

घागरीतलं पाणी धुण्यापुसण्यात संपलं होतं. ख्रिस्ती बाई म्हणून शेजारणींनी तिच्या वाटचं पाणी ठेवलं नव्हतं. मंडळीतल्या बायका कुर्म्यात गेलेलीकडे कशाला येतील? आणि सगळ्यांनाच पानांची घाई, बुधरीसुद्धा पानांना गेलेली. जुरी म्हणाली, "गरम पान्यानं शेकली तं येईन कदाचित. बोअरिंगले मले बी हात लावता येत नाई आज. झिऱ्यावर जातो," आणि घागर घेऊन नाल्याकडे धावली. नाला कोरडा होता, रेतीत हातभर खोल खणलेल्या झिऱ्यात पाणी वाटी वाटीनं भरावं लागे.

सुकरी एकटी राहिली. मांडीवर पोर. समोर रिकामं गाडगं आणि बुधरीनं सकाळी ठेवलेली पेजेची हंडी.

आधीच्या दोन्ही वेळी ती किंचाळली होती. हे दे, ते करीन. एवढी वाचव, कोंबडं देईन. आणि दुसऱ्या वेळी, कोंबडं कमी पडत असेल तर बकरं देईन. आता तिला किंचाळायला आलंच नाही. तिनं त्या इवल्या तोंडाकडे बघितलं. नाक लालसूचं होतं. इतकं बघून झालं आणि मग ती म्हणाली, "मांगत नाई आता. हे तुहं. ठेवलं तं तुहं म्हणून वाढवीन, नेलं तं तुहं म्हणून देईन."

मग तिला गाठ मारून ठेवलेलं आठवलं. पाणी नव्हतं. तिनं पेजेत बोटं बुडवली, वरचं पातळ पाणी तीनदा पोरीच्या कपाळावर सोडलं आणि बोलली, "रूथ. बापाच्या, लेकराच्या अन् पवित्र आत्म्याच्या नावानं." पुत्र हा शब्द तिला त्या घडीला सापडला नाही. एक तांदळाची कणी पोरीच्या भुवईला चिकटून राहिली. ती तिनं जिभेनं टिपली आणि मग काय वाटलं कोण जाणे, त्या नाकातोंडावर तोंड ठेवून फुंकर घातली. पुन्हा घातली. घालतच राहिली.

जुरी घागर घेऊन वाकून आत आली तेव्हा पोर रडत होती. बारीक, चिडल्यासारखं.

"काय केलं व?" जुरीनं विचारलं.

"देऊन टाकली," सुकरी म्हणाली.

जुरीला ते कळलं नाही. तिनं पाणी तापत ठेवलं.

हे सगळं कोडेपल्लीतच राहिलं असतं. पण लालसूला आनंद पचला नाही. पोर आठवड्याची झाली, दूध ओढू लागली, तसा तो चालत वेलगट्ट्याला गेला आणि मिशनच्या ओसरीवर, भाताच्या बांधावर बोलावं तशा मोठ्या आवाजात, सगळं सांगून आला. जीप नव्हती ते सांगितलं, कुर्मा सांगितला, निळी पोर सांगितली आणि शेवटी छाती फुगवून म्हणाला, "बायकोनं सोताच बाप्तिस्मा देल्ला, सायेब! पानी नवतं तं पेजेनं देल्ला!"

या वेळी जीप निरोप न धाडता आली.

पाळकसाहेब आले, पाळकीणबाई आल्या, मंडळीतले आणखी दोघं वडीलधारे आले. बुधरीनं बाज टाकली. पाळकसाहेबांनी पोरीकडे बघितलं, "छान आहे," म्हणाले, आणि मग रुमालानं मान पुसून विषयाला हात घातला.

"साराबाई, तुम्ही कुर्म्यात गेलात."

"गेली, सायेब."

"मी तीन गावांत तुमचं उदाहरण दिलं होतं."

"जीप आली असती तं चवथ्या गावात बी देता आलं असतं," बुधरी चुलीपासून म्हणाली.

पाळकसाहेबांनी ते ऐकलं नाही असं केलं. "आणि तिथं तुम्ही पोरीला बाप्तिस्मा दिलात म्हणे. पेजेनं. हा चेष्टेचा विषय नाही, बाई. बाप्तिस्मा पाण्यानं होतो."

"पेजेत काय असते, सायेब?" सुकरीनं विचारलं. तिच्या आवाजात उलट उत्तर नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "मूठभर कणी अन् हंडाभर पानी. आमच्या घरची पेज पाहून घ्या, दाना हुडकावा लागते."

वडीलधाऱ्यांतला एकजण हसला आणि खोकल्यासारखं करून थांबला.

"आणि शब्द? तुम्ही 'लेकराच्या नावानं' म्हणालात असं लालसूभाऊ सांगत होते. पुत्र म्हणायचं असतं."

"पुत्र म्हंजे लेकरूच नाई का?"

"शब्दाला महत्त्व आहे."

"शब्दाले महत्त्व आहे हे तं आमाले थंडीतच समजलं," बुधरी म्हणाली. "दारात उभी राहते जीप."

आता पाळकसाहेबांचे कान लाल झाले. सुकरी मात्र पाळकीणबाईंकडे वळली. "बाई, तुमीच सांगतलं होतं बैठकीत. पाळक नसले तं कोनी बी द्यावा म्हणून. सांगा ना सायबाले."

सगळ्यांनी पाळकीणबाईंकडे बघितलं. बाईंना ते आठवत होतं. आठवत नसतं तर त्यांनी सरळ नाही म्हटलं असतं. त्यांनी पर्सची चेन उघडली, आत बघितलं, पुन्हा लावली. "मी सर्वसाधारण बोलले असेन," त्या म्हणाल्या. "कुर्म्यात बसून करा असं नव्हते म्हणाले." आणि त्या जीपच्या टपावर बसलेल्या कावळ्याकडे बघू लागल्या. चंद्रपूरच्या मेळाव्यात त्यांच्या भाषणाला फार टाळ्या पडल्या होत्या.

पाळकसाहेबांनी निर्णय सांगितला. येत्या रविवारी प्रभुभोजन आहे. सुकरीनं मंडळीपुढं उभं राहावं, कुर्म्यात गेले ती चूक झाली आणि तिथं जे केलं तो बाप्तिस्मा नव्हता, असं म्हणावं. मग ते स्वतः पोरीला रीतसर बाप्तिस्मा देतील. नाहीतर पोर मंडळीची नाही, आणि सुकरीला प्रभुभोजन नाही. उठता उठता त्यांनी लालसूच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि चौकीदाराच्या जागेचं बोलायचंय तुमच्याशी. रविवारनंतर बोलू."

लालसू जीपमागे धुळीत थोडं अंतर पळत गेला. निरोप द्यायला, की आपला खांदा परत घ्यायला, ते त्याचं त्यालाच माहीत.

त्या आठवड्यात सुकरी पानांना जाऊ लागली. ओल्या बाळंतिणीनं जाऊ नये, पण मोसम थांबत नाही. पोरीला मोहाच्या झाडाखाली फडक्यात ठेवून ती पानं तोडी आणि दर थोड्या वेळानं येऊन पाजी. पानं तोडून बोटांची टोकं काळी पडली होती. त्याच बोटांनी ती पोरीच्या तोंडात स्तन देई. शेजारची मनकर्णा तिच्यासोबत पुडकी बांधायला बसे. मनकर्णाही मंडळीतलीच, आणि तिलाही दिवस गेलेले.

"म्हणून टाक ना, बाई," मनकर्णा म्हणाली. "चूक झाली म्हणलं तं तोंड झिजते का? मी तं रोज म्हणतो माह्या नवऱ्याले."

"नवऱ्याले मी बी म्हणतो," सुकरी म्हणाली. पुडक्याला तिनं सालीची गाठ मारली आणि दातानं ओढून घट्ट केली. "कुर्म्यात गेली ते चूक म्हणीन. सायबाले बरं वाटन. पर ते बाप्तिस्मा नवता असं कसं म्हणू? मंग ती दुपारच नवती. मंग मी कोनाशी बोलली तिथी?"

"देव समजून घेते."

"तो समजून घेते म्हणून त्याच्या तोंडावर खोटं बोलू का?"

मनकर्णानं हातातलं पुडकं बांधून ठेवलं. मग आपल्या पोटावर हात ठेवून हळूच म्हणाली, "ते शब्द काय होते व? मले एकदा सांगून ठेव."

घरी लालसूचा वेगळाच सूर होता. त्यानं समजावून बघितलं, मग तो चिडला, मग जेवला नाही, आणि त्यानंही काही झालं नाही तेव्हा जेवला. "एका शब्दावर माही नोकरी गेली तं?" तो म्हणाला.

"तुले नोकरी पायजे असन तं तू म्हण," सुकरी म्हणाली. "उभा राह्य अन् म्हण, माही बायको खोटी. मी आडवी नाई येत."

त्यावर लालसू बाहेर जाऊन बसला. बुधरी दोघांचं ऐकत मोहाच्या टोया फोडून बिया काढत होती. तिनं लेकाची बाजू घेतली नाही आणि सुनेचीही. "तुमच्या देवाची भांडनं लय बारीक असते," एवढंच म्हणाली. "आमच्यावाल्याले कोंबडं देल्लं की सुटलं."

रविवारी वेलगट्ट्याचं देऊळ भरलं होतं. एरवी पानांच्या मोसमात अर्धं रिकामं असे, पण आज तमाशा होता हे सगळ्या गावांना समजलं होतं, आणि माणसं भक्तीला उशीर करतात, तमाशाला करत नाहीत. पुरुष एका अंगाला, बायका दुसऱ्या अंगाला चटयांवर. सुकरी पोरीला घेऊन बुधरीशेजारी बसली. वरचे पत्रे तापून कडकड वाजत होते.

पाळकसाहेबांनी उपदेश आईपणावरच केला. आई म्हणजे नम्रता. आई म्हणजे चूक कबूल करणं. आई म्हणजे मंडळीच्या आज्ञेत राहणं. एरवी ते जितकं बोलत त्याच्या अर्ध्यात त्यांनी आवरलं आणि नाव घेतलं, "साराबाई."

सुकरी उठली. पोर खांद्यावर झोपली होती.

"कुर्म्यात गेली ते मंडळीले आवडलं नाई," ती म्हणाली. "तुमचं मन दुखलं असन तं माफी मांगतो. लेकरासाठी गेली."

बायकांत चुळबुळ झाली. पाळकसाहेबांनी मान हलवली. "आणि तिथं जे केलं?"

"ते बाप्तिस्मा होता, सायेब."

बाहेर जीपवर एक कावळा ओरडला.

पाळकसाहेब हुशार माणूस. भर मंडळीत हरणं त्यांना परवडणारं नव्हतं, आणि बाईला रडवून जिंकणंही शोभलं नसतं. त्यांनी मधली वाट आधीच शोधून ठेवली होती. आवाज मऊ करून ते म्हणाले, "ठीक आहे. आपण वाद नको घालू या. शास्त्रात यालाही सोय आहे. मी पोरीवर पाणी घालताना असं म्हणेन: जर तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल, तर मी तुला बाप्तिस्मा देतो. म्हणजे तुमचंही राहिलं आणि मंडळीचंही राहिलं. आणा पोरीला."

पुरुषांकडून सुस्कारे ऐकू आले. लालसू तर अर्धा उठलाच. पाळकीणबाईंनी पाण्याचा वाडगा पुढं केला. स्टीलचा, घासून लखलखीत. पाणी काठोकाठ.

सुकरी जागची हलली नाही.

"'जर' नको, सायेब," ती म्हणाली.

"काय?"

"बाकी सारे शब्द चालते. 'जर' तेवढा नको." ती हळू बोलत होती आणि मागच्या चटईपर्यंत ऐकू जात होतं. "आधीच्या दोन लेकरांच्या वक्ताले मी देवापुढं 'जर'च घेऊन गेली होती. जर वाचलं तर हे देईन, जर जगलं तर ते करीन. 'जर' म्हणलं म्हणून गेले ते, असं नाई म्हणत मी. जायचे होते, गेले. पर हिच्या वक्ताले माह्यापाशी काई उरलंच नवतं द्यायले. 'जर' बी नवता. हिले तशीच देऊन टाकली. तेवढी एकच गोष्ट मी जन्मात सरळ केली, सायेब. आता तुमी तिच्यात 'जर' घालून राह्यले. मी कशी घालू देऊ?"

"म्हणजे तुम्ही मंडळीपेक्षा मोठ्या?"

"नाई. लहान आहो म्हणून तं पेजेनं देल्ला. तुमच्यासारखी मोठी असती तं जीप असती." एवढं बोलून ती खाली बसली.

पाळकसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. वाडगा तसाच राहिला. त्यांनी गाणं सांगितलं, मंडळी गायली, कशीबशी. मग प्रभुभोजनाची, भाकर मोडायची वेळ झाली. वेलगट्ट्याला पाव मिळत नसे. पाळकीणबाई गव्हाची पोळी करून आणत आणि पाळकसाहेब तिचे तुकडे थाळीतून प्रत्येकाच्या तळहातावर ठेवत जात. आधी पुरुष. लालसूच्या हातावर तुकडा पडला. त्यानं तो तोंडात टाकला आणि गिळला. बायकांच्या बाजूला बघितलं नाही.

मग बायका. सुकरीनं हात पुढं धरला होता. पानांनी काळी पडलेली बोटं आणि मधे रिकामा तळवा. पाळकसाहेब तिच्यापाशी आले. त्यांनी दुसऱ्या हातानं थाळीवर रुमाल ओढला, कुत्रं जवळ आलं की बाई भाजी झाकते तसा, आणि ते पुढच्या बाईकडे सरकले. तिथं रुमाल पुन्हा बाजूला केला आणि बुधरीच्या हातावर तुकडा ठेवला.

सुकरीनं हात मागं घेतला नव्हता. घ्यायचं सुचलंच नाही तिला.

बुधरीनं तुकडा तोंडात घातला. तिचे पुढचे दात कधीच गेले होते, बाजूच्या दाढेनं तिनं तो चावला, थोडा वेळ घोळवला. मग दोन बोटांनी अर्धा बाहेर काढला आणि सुनेच्या पसरलेल्या तळव्यावर ठेवला.

"बुधरीबाई!" पाळकसाहेब वळले. "हे काय करता?"

"काऊन? उष्टं आहे म्हणून?"

"हे असं चालत नाही. तिला तो अधिकार नाही."

"तिले नसन," बुधरी म्हणाली. "मले तं आहे? तुमीच देल्ला ना आत्ता? माह्या तोंडात गेला तं माहा झाला. माह्या घासातला घास मी माह्या लेकराले देऊन राह्यली. त्यात तुमाले काय इचारायचं?"

"ती तुमची सून आहे."

"मंग?"

 पाळकसाहेब थाळी धरून उभे राहिले. पुढं मनकर्णाचा हात पसरलेला होता, तो त्यांना दिसला नाही की मनकर्णानंच मागं घेतला, हे नीट सांगता येत नाही; पण थाळी तिथंच थांबली. भिंतीशी पाळकीणबाई तो काठोकाठ वाडगा दोन्ही हातांनी धरून होत्या आणि पाणी हळूहळू त्यांच्या मनगटावरून साडीवर सांडत होतं.

सुकरीनं तो ओला, लगदा झालेला तुकडा तोंडात टाकला. चावायला त्यात काही उरलं नव्हतं. तरी ती बराच वेळ चावत राहिली. मग पोर जागी झाली आणि रडू लागली, म्हणून तिनं पदर बाजूला केला आणि सगळ्यांच्या देखत तिला अंगावर घेतलं.